बटणाची उंची आणि शिरोरेघ

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे संकेतस्थळ तयार करण्याचे काम गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. जत्रेतले नाटक पाहायला तिकीट नसते. परंतु मंडळ वर्षातून एक प्रयोग फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात तिकीट लावून करते आणि त्यासाठी ‘तिकीट काढा’ असे बटण हवे होते. चिटणीसांची अट एवढीच होती, की बटणे ‘औषधाच्या कॅप्सूलसारखी’ असावीत. एका संध्याकाळचे काम म्हणून मी होकार दिला आणि त्यात आठवडा गेला.

या आकाराला बरेच जण लंबगोल म्हणतात, पण तो लंबगोल नव्हे. मध्ये आयत आणि दोन्ही टोकांना एकेक अर्धवर्तुळ, अशी त्याची रचना असते. त्यामुळे कोपऱ्याची त्रिज्या उंचीच्या बरोबर निम्मी ठेवली की आकार आपोआप जमतो. इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आयत काढून उंची ३६ पिक्सेल आणि कोपऱ्याची आडवी व उभी त्रिज्या सांगणाऱ्या आरएक्स व आरवाय या दोन्ही रकान्यांत १८ लिहिले की झाले. गिम्प या दुसऱ्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये आयताकृती निवड करून ‘राउंडेड रेक्टँगल’ या आज्ञेत त्रिज्या १०० टक्के दिली तरी हीच आकृती मिळते. तयार झालेले चित्र मात्र आडवे ताणू नये, कारण ताणल्यावर अर्धवर्तुळांची अंडी होतात.

खरी अडचण अक्षरे आत बसवताना आली. ३६ पिक्सेल उंची मी इंग्रजी नमुन्यांवरून उचलली होती, आणि त्या नमुन्यांतील ठळक रोमन अक्षरांना वर मात्रा नसते की खाली उकार नसतो. आमच्या २० पिक्सेलच्या फाँटमध्ये ‘पूर्ण’ हा एकच शब्द रफारापासून उकारापर्यंत मोजला, तर तो २७ पिक्सेल भरला. म्हणजे वर आणि खाली जेमतेम साडेचार पिक्सेल उरले. पाहताना जीव गुदमरावा असे ते बटण दिसत होते.

त्याहून चमत्कारिक गोष्ट दोन बटणे शेजारी ठेवल्यावर लक्षात आली. ‘तिकीट काढा’ आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांसाठीचे ‘अनुभव वाचा’ ही दोन्ही बटणे मी सॉफ्टवेअरच्या आज्ञेनेच मध्यावर आणली होती, तरीही एक शब्द बसलेला आणि दुसरा उठलेला दिसत होता. कारण साधे होते. ती आज्ञा अक्षरांनी प्रत्यक्ष व्यापलेली चौकट मोजते. ‘तिकीट’च्या वेलांट्या वर जातात म्हणून त्याची शिरोरेघ खाली ढकलली जाते, तर ‘अनुभव’चा उकार खाली उतरतो म्हणून त्याची शिरोरेघ वर सरकते. शिरोरेघ बटणाच्या वरच्या सरळ कडेला समांतर असल्यामुळे दोन पिक्सेलांचा फरकही डोळ्याला खुपतो.

यावरचा उपाय मला म्हापशातील बोर्ड रंगवणाऱ्या एका काकांच्या आठवणीतून सापडला. शाळेत असताना मी त्यांच्या दुकानासमोर तासन्‌तास उभा राहत असे. पाटीवर ते निळीत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरत आणि मधोमध उचलून सोडून देत. ‘टप्‌’ असा आवाज होई आणि पाटीभर सरळ रेघ उमटे. ही शिरोरेघ. अक्षरे त्यानंतर तिच्याखाली लटकवली जात, आणि मात्रा-उकारांना जिकडे जायचे असेल तिकडे जाऊ दिले जाई. मीही सगळ्या बटणांना एक आडवी मार्गदर्शक रेघ आखली, प्रत्येक शब्दाची शिरोरेघ तिला टेकवली आणि मध्यावर आणण्याची आज्ञा फक्त डावी-उजवीकडे वापरली. कोंकणी बटणेही देवनागरीतच असल्यामुळे त्यांचेही काम त्याच रेघेवर भागले.

उंची मग ४८ पिक्सेल केली आणि त्रिज्या अर्थातच २४. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या मार्गदर्शक तत्त्वांच्या सर्वांत वरच्या पातळीवर दाबण्याच्या जागेची किमान बाजू ४४ सीएसएस पिक्सेल (सीएसएस म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणारी भाषा) सांगितलेली आहे, त्यामुळे फोनवर बोटालाही ही उंची पुरते. बाजूची मोकळी जागा मात्र डोळ्यांनी ठरवावी लागली. मध्यापासून १३ पिक्सेल वर, म्हणजे जिथे ‘ति’ची वेलांटी वळते तिथे, टोकाच्या गोलाईने कडेची सुमारे ४ पिक्सेल जागा आधीच खाल्लेली असते, म्हणून दोन्ही बाजूंना २८ पिक्सेल सोडले.

चिटणीसांना वर काचेसारखी चकाकीही हवी होती. स्टीव्ह जॉब्ज यांनी जानेवारी २००० मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांच्या पडद्याचे ‘ॲक्वा’ हे नवे रूप दाखवल्यानंतर तशा ओलसर, पारदर्शक बटणांची जी लाट आली होती, तिची ही उशिरा पोहोचलेली झुळूक असावी. ती करताना एक पथ्य पाळावे: चकाकीचा आकार कडेपासून ३ पिक्सेल आत घेतला, तर त्याची त्रिज्याही ३ ने कमी करून २१ ठेवावी, नाहीतर दोन कडांमधील अंतर कोपऱ्यात बिघडते. मी ती चकाकी करून दाखवली आणि सुदैवाने ती कोणालाच आवडली नाही.

शेवटी चित्रे संकेतस्थळावर चढवलीच नाहीत. त्यांवरून मापे घेऊन बटणे सीएसएसमध्ये लिहिली. तिथे बॉर्डर-रेडियस, म्हणजे कोपऱ्याची त्रिज्या, ५० टक्के देण्याचा मोह टाळावा, कारण टक्के रुंदी आणि उंची यांवरून वेगवेगळे मोजले जातात आणि लांब बटणाचा खराखुरा लंबगोल होतो. ९९९९ पिक्सेल असा अवाढव्य आकडा दिला, तर ब्राउझर सगळ्या त्रिज्या सारख्या प्रमाणात कमी करून नेमकी अर्धवर्तुळे काढतो. मंडळाने नंतर ‘नाट्यमहोत्सवाची संपूर्ण माहिती’ असे बटण मागितले, तेव्हा मात्र हीच युक्ती अंगाशी आली: फोनवर मजकूर दोन ओळींत मोडला, उंची वाढली, तिच्याबरोबर टोकेही फुगली आणि पहिल्या ओळीतील ‘ना’ कडेला जाऊन टेकला. चिटणीसांशी अर्धा तास बोलून ते बटण ‘माहिती वाचा’ एवढ्यावर आणले.