मेसिए ७७ : दाट वायूचा नकाशा आणि १.६९ ची चूक

तिमिंगल तारकासमूहातील मेसिए ७७ ही सेफर्ट दीर्घिका (म्हणजे जिच्या गाभ्यातील कृष्णविवर वायू गिळत असल्याने गाभा प्रखर तळपतो अशी) आपल्यापासून सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या गाभ्यातील दाट रेणवीय वायूचा नकाशा, अनेक ताटल्या जोडून बनलेल्या आल्मा रेडिओ दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातील विदा वापरून, मी आता बऱ्यापैकी तयार केला आहे.

एकूण वायूसाठी कार्बन मोनॉक्साइडची ११५.२७ गिगाहर्ट्झची रेषा (रेणू ठरावीक वारंवारतेवर सोडतो ते उत्सर्जन) घेतली आणि दाट वायूसाठी हायड्रोजन सायनाइडची ८८.६३ गिगाहर्ट्झची. सायनाइडच्या रेणूचे द्विध्रुव आघूर्ण (रेणूतील धन व ऋण प्रभारांच्या विलगतेचे माप) मोनॉक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक असल्याने तो मिळालेली ऊर्जा फार लवकर बाहेर टाकतो. त्याला उजळत ठेवायचे तर टकरा वारंवार व्हाव्या लागतात, आणि तशा त्या दाट ढगांतच होतात.

दोन्ही नकाशे समान विभेदनावर (सारख्याच बारकाव्यावर) आणून सायनाइडला मोनॉक्साइडने भागले, तेव्हा गाभ्यातील गुणोत्तर अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले. दोन संध्याकाळी मी पार्श्वभूमीच्या वजाबाकीवर संशय घेत घालवल्या. प्रत्यक्षात चूक अगदी प्राथमिक होती: मी जान्स्कीतील (रेडिओ संकेताच्या तीव्रतेच्या एककातील) आकडे थेट भागले होते. तुलना करायची ती दीप्ती तापमानाची, म्हणजे तेजस्विता तापमानाच्या रूपात मांडणाऱ्या मापाची; त्यात रूपांतर करताना वारंवारतेचा वर्ग छेदात येतो, त्यामुळे दोन रेषांच्या वारंवारतांमधील फरकापोटी गुणोत्तराला १.६९ ने गुणावे लागते.

दुरुस्तीनंतरचे चित्र बोलके आहे. मोनॉक्साइड केंद्रापासून तीन ते पाच हजार प्रकाशवर्षांवरील तारानिर्मितीच्या कड्यात ठळक दिसतो, तर सायनाइड केंद्राभोवतीच्या साधारण हजार प्रकाशवर्षे रुंदीच्या चकतीत उठून दिसतो. मात्र यावरून तेथील वायू तेवढाच अधिक दाट आहे असे म्हणण्यास मी धजणार नाही, कारण कृष्णविवराजवळचे क्ष-किरण आणि आघातलहरींची उष्णता सायनाइडचे प्रमाणच वाढवू शकतात. ताळा म्हणून ८९.१९ गिगाहर्ट्झची फॉर्मिल आयनाची रेषा तपासली. तीही दाट वायूचीच खूण मानली जाते, तरी चकतीत ती सायनाइडपेक्षा फिकी पडते. म्हणजे केवळ घनतेने हे कोडे सुटत नाही.

एक अडचण उरली आहे. आल्मासारख्या, अनेक ताटल्यांचे संकेत एकत्र जुळवणाऱ्या व्यतिकरणमापीला विस्तृत, पसरट उत्सर्जन नीट टिपता येत नाही, आणि त्याचा फटका सायनाइडपेक्षा मोनॉक्साइडला अधिक बसतो. परिणामी गुणोत्तर फुगते. एकल दुर्बिणीची निरीक्षणे जोडून होईपर्यंत कड्याचे आकडे मी वहीत पेन्सिलीनेच लिहिले आहेत.