जिन्यातली पाटी

पाटी रविवारी रात्री येते. सोमवारी सकाळी दार उघडलं की मुठीला लटकलेली असते: या आठवड्याची 'केअरवोखे' तुमची. म्हणजे आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा, कठडा फडक्याने साफ करायचा आणि पाटी पुढच्या दाराला लावायची. ही झाली लहान पाळी. मोठ्या पाळीत आवार, समोरचा फुटपाथ आणि थंडीत सकाळी सकाळी बर्फसुद्धा.

जर्मनीतल्या आमच्या श्टुटगार्टात हे फार जुनं प्रकरण आहे. शहर स्वच्छ राखायचा, तेव्हाचा इथला शासक एबरहार्ड काउंट याचा 1492 चा हुकूम, तिथपासून याचं मूळ सांगतात. 1988 मध्ये नगरपालिकेने सक्ती काढून टाकली, पण भाडेकरारात कलम असतंच. आणि कलम नसतं तरी शेजारच्या आजी होत्याच.

माझी चिडचिड वेगळीच आहे. जिना मुळात घाण नसतोच हो! धुळीचा कण नाही, कागदाचा कपटा नाही. तरी शनिवारी बादली घेऊन उतरायचं, कारण पुसलेलं दिसलं पाहिजे. फरशी ओली असताना कुणी वर-खाली गेलं तर सोन्याहून पिवळं. रविवारवर ढकलता येत नाही. रविवारच्या विश्रांतीला इथे थेट राज्यघटनेचं संरक्षण, जर्मनीच्या 1919 च्या वायमार घटनेतलं कलम तसंच उचललेलं. त्या दिवशी काचेच्या बाटल्याही डब्यात टाकायच्या नाहीत, खळकन आवाज होतो म्हणून.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जिना झाडायला मावशी यायच्या. त्यांचं घर त्यावर चालायचं, हेही कुणीतरी लक्षात घ्यावं. आणि तो जिना जिवंत होता. चपलांचे ढीग, सायकली, दिवाळीत दारोदार रांगोळ्या, पायरीवर बसून तासभर गप्पा. पानाच्या पिचकाऱ्या थांबवायला कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावाव्या लागतात, ते मात्र मी इथे कुणाला सांगत नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, हे कळलं तेव्हा मला हसूच आवरेना.

परदेशस्थांच्या सुखाची एक पाहणी 'इंटरनेशन्स' नावाचं त्यांचंच एक नेटवर्क दरवर्षी करतं. 2023 मध्ये 53 देशांत जर्मनी 49 वी, मेक्सिको पहिला. गणपतीच्या जेवणात यावरून चांगलीच जुंपली. एवढी शिस्त, तरी लोक सुखी का नाहीत? मला त्यात नवल वाटलं नाही. शिस्तीने कटकट वाचते, पण तेवढ्याने माणसं जवळ येत नाहीत. (शिस्तसुद्धा जिन्यापुरतीच. नव्या भूमिगत स्टेशनचं काम 2010 मध्ये सुरू झालं, 2019 ला उघडणार होतं. आम्ही कैक वर्षं वळसा घालून फलाट गाठतोय.) तरी लेक शाळेत एकटी चालत जाते आणि माझ्या पोटात गोळा येत नाही. म्हणून राहिलोय. पगारासाठी नाही, म्हणजे, फक्त पगारासाठी नाही.

परवा आजी लंगडताना दिसल्या. म्हटलं, "तुमची पाळी या वेळी मी करते." चेहरा असा झाला की जणू मी वृद्धाश्रमाचा फॉर्मच पुढे केला. "मला अजून जमतं," म्हणाल्या आणि बादली उचलून चालू पडल्या. मी दारात तशीच.

नंतर कुणीतरी सांगितलं, मदत करू नकोस, तक्रार कर. आमच्या मजल्यावर तिसऱ्या घरात एक विद्यार्थी आहे. त्याने गेल्या आठवड्यात कोपरे पुसलेच नव्हते, आणि ते मी वाकून बघितलं होतं! काल जिन्यात आजींना हळूच तसं म्हटलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, विद्यार्थ्याच्या दाराकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कॉफीला बोलावलं. पुढच्या गुरुवारी, दुपारी साडेतीनला. लगेच डायरीत लिहूनसुद्धा घेतलं.