आमची वाटचाल: गोणपाटापासून लिफ्टपर्यंत

जुन्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या) गाड्या घेण्याआधी तपासून द्यायचा आमचा धंदा सुरू झाला तो मी स्वतः फसल्यामुळे. इंदूरच्या देवास नाक्यावर वडिलांचं साधं गॅरेज होतं. महूच्या लष्करी लिलावातून चार हात फिरून आलेली एक मारुती जिप्सी मी हट्टाने घेतली. इंजिन झकास, रंग नवा, खालून धुऊन लख्ख. बाबा म्हणाले, "खालून का धुतलीय, ते विचार आधी." मी नाही विचारलं. तेलाची गळती दिसू नये म्हणूनही धुतात, हे नंतर कळलं. पहिल्याच पावसाळ्यात भेरूघाटाच्या अलीकडे काळ्या मातीत रुतलो. फोर-लो (चारही चाकांचा हळू, जोरदार गिअर) टाकला, ॲक्सिलेटर दिला की दांडा टक्क करून न्यूट्रलला. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) उघडली तर गिअर सरकवणारा फोर्क झिजलेला, त्याने सरकणाऱ्या स्लीव्हचे दात गोल.

मग ओळखीचे लोक गाडी घेण्याआधी मला न्यायला लागले. आज आम्ही चौघं आहोत आणि निम्मं काम तपासणीचंच.

चाकांना दगड लावायचे, गिअर न्यूट्रल, आणि खाली शिरून प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) हाताने दोन्हीकडे फिरवायचा. थोडी चाल असतेच. पण ठक् असा आवाज आला, शिवाय शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या कपांभोवती लालसर पूड दिसली, तर तिथलं ग्रीस केव्हाच संपलेलं असतं. मग गिअरच्या तेलाचा प्लग (बूच) काढून तेल बोटावर घ्यायचं. प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप चालतो, कपचे नाही. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलंय, बहुतेक गाडी नाल्यात बुडून आलीय.

फोर-बाय-फोरची चाचणी कच्च्या रस्त्यावरच. जिप्सीसारख्या गाड्यांना मधलं डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती घसरून हिशेब मिटवतात, कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण शाफ्ट-गिअरवर येतो. म्हणून मालक डांबरी रस्त्यावरच फोर-हाय (चारही चाकांचा जलद गिअर) टाकून ऐटीत दाखवतो, तेव्हा मी मनातला आकडा खाली आणतो. कच्च्यात स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवल्यावर पुढून कट-कट आली, तर पुढचे जॉइंट गेले.

व्यापाऱ्यांना आम्ही आवडत नाही. एकाने तर आवारातच अडवलं, "भिया, गाडी घ्यायचीय का मुलगी बघायचीय?" गिऱ्हाइकाने ती गाडी सोडली. आमची फी मात्र दिली, कुरकुरत.

मागच्या वर्षी लिफ्ट बसवली. बाबा अजून गोणपाट अंथरून गाडीखाली शिरतात. म्हणतात, वर टांगलेल्या गाडीची चाकं लोंबतात, शाफ्टची खरी चाल गाडी स्वतःच्या पायावर असतानाच कळते.