टाय रॉड एंड सुटत नसेल तर नकलच्या कानशिलात द्या

रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात चार-पाच पावसाळे काढलेली गाडी जॅकवर घेतली की पहिला सामना गंजाशी होतो. खारी हवा आणि चाकामागे साचून राहिलेला ओला लाल चिखल यांनी सगळे नट खाल्लेले असतात. पण टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगचा रॉड चाकाच्या बाजूला जोडणारा गोळीचा सांधा, अडकतो तो फक्त गंजाने नाही. तो नवाकोरा असतानाही अडकलेलाच असतो, कारण त्याची रचनाच तशी आहे.

त्याचा दांडा निमुळता असतो आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बाहेर आलेल्या कानातलं भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की दांडा भोकात ओढला जाऊन घट्ट रुततो. स्टीलचे दोन पेले एकात एक अडकतात ना, अगदी तसंच. ते पेले ओढून सुटत नाहीत, बाहेरच्या पेल्याच्या कडेला टकटक केलं की सुटतात. इथेही तेच करायचं. नट काढून दांड्याच्या टोकावर हातोडा घालणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. टोक फुलतं, आटे मरतात, नट परत चढत नाही आणि जॉइंट जागचा हलत नाही.

आदल्या रात्री वायर ब्रशने आटे साफ करून पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) मारून ठेवा. ते नटाच्या आट्यांत आणि चेक नटाच्या (रॉडवर एंड पक्का धरणाऱ्या नटाच्या) मागे जाऊ द्या. निमुळत्या बैठकीत ते फारसं शिरत नाही, तिथे डबा रिकामा करू नका. सकाळी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडी उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबून घण चालवायचा नाही.

आता क्रम महत्त्वाचा. आधी टाय रॉडवरचा चेक नट सैल करा, कारण एंड नकलमध्ये घट्ट आहे तोवर तोच तुम्हाला धरून ठेवतो. एकदा एंड सुटला की तो हातात गरगर फिरतो आणि मग दोन पाने लावून झटापट करावी लागते. चेक नट पाव फेरा फिरला तरी पुरे. सैल करण्याआधी त्याची मूळ जागा पांढऱ्या रंगाने किंवा खडूने खूण करून ठेवा.

मग स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली दोन पायांची पिन. गंजलेली पिन सरळ करत बसू नका, पाय कापा आणि डोक्याकडून पकडीने ओढा. मोडलीच तर नट पान्याने तसाच फिरवा, उरलेला तुकडा बहुतेक वेळा कापला जातो. नट पूर्ण काढू नका, दांड्याच्या टोकाशी बरोबरीत आणून ठेवा. आटे वाचतात आणि जॉइंट अचानक सुटला तर लोंबकळून राहतो.

हातोडा किमान 1 किलोचा घ्या. कानाच्या एका बाजूला दुसरा जड घण टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने आडवा, नेमका घाव घाला. क्षणभर कानाचं भोक लंबगोल होतं आणि दांडा पकड सोडतो. दहा हलक्या ठोक्यांपेक्षा दोन खणखणीत बसलेले बरे. तरी नाही सुटला तर पुलर (स्क्रू आवळून सांधा ढकलून काढायचं अवजार) लावून ताण द्या, आणि त्या ताणाखाली असतानाच पुन्हा कानावर मारा. नुसता पुलर आवळत गेलात तर पुलरच वाकतो. दोन टोकांचा काटा मध्ये ठोकण्याचा मार्ग आहे, पण त्यात रबरी बूट फाटतोच. एंड फेकायचाच असेल तर खुशाल वापरा.

नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) असला की वेगळीच डोकेदुखी: नटाबरोबर दांडाही फिरतो. बैठक सुटली आहे, पण नट सुटत नाही. गोळीच्या बाजूने छोटा जॅक किंवा पहार लावून दांडा पुन्हा भोकात दाबा, मग नट फिरवा. काही दांड्यांच्या टोकाला अ‍ॅलन कीची खाच असते, ती आधी गंजमुक्त करा.

मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या बाहूचा) बॉल जॉइंट मात्र असा नसतो. त्याचा दांडा सरळ असतो आणि नकलच्या चिरलेल्या कानात आडव्या बोल्टने आवळलेला असतो. इथे कानावर घणाघात करून काही उपयोग नाही. तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. अडला तर आधी किंचित आवळा, मग सैल करा, असं पुढेमागे करत तेल देत चला. एका दमात ताकद लावली की डोकं तुटतं आणि उरलेला दिवस ड्रिल करण्यात जातो. बोल्ट निघाल्यावर चिरेत बोथट छन्नी घालून कान केसभर उघडा. जास्त उघडलात तर तडा जातो, आणि नवी नकल बॉल जॉइंटच्या कितीतरी पट महाग पडते. मग आर्मवर लांब पहार टेकवून खाली दाबा. स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी सळई) असेल तर दोन्ही पुढची चाकं अधांतरी हवीत, नाहीतर बार आर्मला वर ढकलत राहतो.

गॅसची ज्योत हा शेवटचा उपाय. कान तापवा, दांडा नाही, आणि लाल होऊ देऊ नका. शेजारी ब्रेकचा होज, एबीएसची वायर, अ‍ॅक्सलचा बूट असतो, ते आधी बाजूला करा. आतलं ग्रीस तापून उसळतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. तापवलेला जॉइंट परत बसवायचा नाही.

बसवताना निमुळती बैठक कोरडी आणि स्वच्छ हवी. तिथे ग्रीस लावलं की दांडा जास्तच खोल ओढला जातो. छोट्या गाड्यांत नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) साधारण 35 ते 50 न्यूटन मीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळून जुळवा, सैल करून कधीच नाही. पिन नवी, नायलॉक असेल तर नटही नवा.

एंड काढताना किती फेरे सुटला ते मोजून तेवढेच परत चढवा. 1.25 मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) आट्यांत एका फेऱ्याची चूक म्हणजे रॉडवर सव्वा मिलिमीटर, आणि टायरच्या कडेला त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून फेरे कितीही बरोबर मोजले असले तरी तिथून थेट अलाइनमेंटला जा.