चांदीचा चमचा आणि राणीची वाटी
आज सुकजोंग राजाच्या काळावरची कोरियन मालिका बघताना चमच्याच्या प्रसंगाशी थांबले. राणीच्या वाटीत चांदीचा चमचा बुडतो, काळा पडतो आणि दालनात एकच धावपळ! यामागे खरं रसायन आहे. जुन्या पद्धतीच्या सोमलात, म्हणजे आर्सेनिकच्या विषात, गंधकाचा अंश उरायचा आणि चांदी काळी पडते ती गंधकाने. सोमल शुद्ध असेल तर चमचा लखलखीतच राहणार. उलट साध्या उकडलेल्या अंड्याचा बलकही तो काळवंडवतो.

नव्याने बघणाऱ्यांनी आधी संबोधनं पकडावीत. राजा ‘जोन्हा’, राणी ‘जुंगजोन मामा’, राजमाता ‘देबी मामा’. ‘बिन’ म्हणजे उपपत्नीची सगळ्यात वरची पायरी. सबटायटल्समध्ये या पायऱ्या बऱ्याचदा पुसल्या जातात आणि अर्धं कारस्थान तिथेच निसटतं.

भांडण अंतःपुरातलं दिसतं, पण दोऱ्या दरबारातल्या गटांच्या हातात. १६८९मध्ये नामिन गट वर आला, राणी इनह्यॉनचं पद गेलं, तिच्या जागी राजाची उपपत्नी जांग आली. १६९४मध्ये सोइन गट परतला, तशी इनह्यॉनही परतली. जांग पुन्हा उपपत्नी, ‘ही-बिन’. १७०१मध्ये इनह्यॉन वारली आणि त्याच वर्षी, जादूटोण्याच्या आरोपावरून, जांगला विष प्यावं लागलं. यापुढे उपपत्नीला राणी करायचं नाही, असा हुकूमच मग राजाने काढला.