चाळणीतून आलेली ओवी

“जातं वढल्याबिगार ववी तोंडात येत न्हाई, पोरी,” आजींनी आदल्या संध्याकाळीच सांगितलं. मी म्हटलं होतं, आधी नुसतं म्हणून दाखवा, जात्याचा आवाज नंतर वेगळा घेऊ. दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीला त्या अडल्या. उजवा हात आपसूक हवेत गोल फिरायला लागला. ते पाहिलं आणि बेत बदलला. आवाज आणि दगड एकत्रच घ्यायचे.

मुळशी तालुक्यातल्या डोंगराखालचं हे गाव. मी ध्वनिमुद्रण करते. पुण्यात बंद खोलीत, चारी भिंतींना फोम लावून काम करायची सवय. पण जात्यावरच्या ओव्यांची ओढ जुनी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर हिंडून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे वाचल्यापासून वाटायचं की आपल्या हातून निदान एका घरातला आवाज नीट जपला जावा.

पहाटे साडेचारला पडवीत बसलो. आजी आणि त्यांची जाऊ समोरासमोर, मध्ये जातं, शेजारी सुपात नाचणी. बुटक्या स्टँडवर माइक लावला, रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवला, हेडफोन चढवला. “पहिली माझी ओवी गं...” आणि पहिल्याच ‘प’ला कानात धडाका उडाला. ओठ उघडताना सुटलेला श्वास सरळ माइकच्या पडद्यावर आदळला होता. ‘प’, ‘फ’, ‘भ’ ही अक्षरं अशीच छळतात, आणि आपल्या ओव्यांची सुरुवातच ‘पहिली’ने होते.

तो धडाका परवडला असता. खरी अडचण त्याच्या खाली होती. आजींच्या आवाजाखाली एक जाड, चिखलासारखी घरघर सतत पसरली होती. समोर बसून नुसत्या कानांनी ऐकलं तर जात्याचा आवाज किती गोड, किती मोकळा. हेडफोनमध्ये मात्र शब्दच बुडत होते. रेकॉर्डरवर खालचे आवाज कापायचं बटण आहे, ते दाबलं असतं तर भागलं असतं. मी दाबलं नाही. त्याने जात्याचं भरदारपणही गेलं असतं, आणि जातं तर या गाण्याचा अर्धा जीव.

मग स्टँड दोन बोटं वर उचलून धरला. घरघर एकदम खाली बसली! म्हणजे ती हवेतून येत नव्हतीच. दगडाची थरथर सारवलेल्या जमिनीतून स्टँडच्या पायांत आणि तिथून माइकमध्ये चढत होती. माझं मत असं की ध्वनिमुद्रणाचं सामान घरच्या घरी बनवण्यात निम्मं काम इथेच होतं. नको असलेला आवाज कुठल्या वाटेने येतोय, हवेतून, जमिनीतून की श्वासातून, हे आधी हुडकायचं. मग वस्तू घरात सापडतात.

माइकला थरथरीपासून वाचवणाऱ्या विकतच्या झोळीचं, म्हणजे शॉक माउंटचं, रबर प्रवासात तुटलेलं. आजींच्या नातवाने सायकलची फाटकी ट्यूब आणून दिली. नळाच्या कामातून उरलेला ४ इंची पीव्हीसी पाइप मागे पडला होता, त्याचा वीतभर तुकडा कापला. कडांना खाचा पाडून दोन्ही तोंडांवर ट्यूबच्या पट्ट्या फुलीसारख्या ताणल्या आणि माइक मधोमध अडकवला. ते सगळं दोरीने पडवीच्या वाशाला टांगलं, आजींच्या कपाळाच्या जरा वर, तोंडाकडे कललेलं.

घरघर पुन्हा आली. कमी होती, पण होती.

चूक माझी. पट्ट्या मी तबल्याच्या वादीसारख्या ताणल्या होत्या. ताणलेलं रबर थरथर अडवत नाही, पुढे पोचवतं. माइक जितका सैल, जितका संथ झुलेल, तितकी दगडाची जलद थरथर त्याच्यापर्यंत कमी पोचते. पट्ट्या ढिल्या केल्या, इतक्या की बोट लावलं तर माइक हळू डुलावा. केबलही ताठ होती, तिच्यातूनही कंप येतो. तिचा मोठा सैल वेढा करून सुतळीने पाइपालाच बांधला. या वेळी हेडफोन लावला तेव्हा जातं हवेतून ऐकू आलं. दगडावर दगडाची घसट, नाचणी भरडल्याचा बारीक चुरचुराट, आणि त्याच्यावर आजींचा आवाज वेगळा, स्वच्छ.

आता ‘प’. भरतकामाच्या कडीवर नायलॉनचा दुहेरी मोजा ताणून केलेला माझा पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढे श्वास अडवणारी जाळी, पिशवीत दबून मोडला होता. पदर धरू का, असं जाऊबाईंनी विचारलं. सुती कापड जाड, त्यातून ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. मी चुलीपाशी टांगलेल्या बारीक जाळीच्या चाळणीकडे बघितलं. विकतच्या फिल्टरमध्येही धातूची जाळी असतेच की.

“ही पीठ चाळायची, आवाज कसा चाळनार?” आजींना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या तळहातापुढे चाळण धरली आणि ‘प’ म्हणायला सांगितलं. जाळीपलीकडे वारा लागेना, शब्द मात्र तसाच गेला. त्यांनी चारदा करून पाहिलं. चाळणीचा पत्र्याचा काठ किणकिणत होता, म्हणून त्याला फडकं गुंडाळलं आणि ती माइकपुढे चार बोटं अंतरावर दोरीने लोंबती ठेवली. आणखी एक फायदा ध्यानात आला. जात्याभोवती उडणारं पीठ माइकच्या पडद्यावर बसलं तर तो खराब होतो, आता ते बरंचसं जाळीवरच अडणार होतं.

वाऱ्याची फार चिंता नव्हती. तुळशीबागेतून आणलेल्या केसाळ कापडाची टोपी मी घरीच शिवली होती. वारा त्या केसांत मंदावतो, आवाज मात्र आत शिरतो. तीच माइकवर चढवली. आजींच्या मागे पत्र्याची आड होती, तिथून आवाज टणटणत परत यायचा. तिच्यावर दोन गोधड्या टाकल्या. गोधडी गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी. माझा माइक समोरचं ऐकतो, पाठचं फारसं नाही, म्हणून माइकच्या मागे लावून काही उपयोग नसतो.

उजाडायला लागलं होतं. आजींनी खुंटा धरला, जाऊबाईंचा हात त्याच खुंट्यावर आला. खुंटा पुढे गेला की आजींचा चेहरा चाळणीजवळ यायचा, मागे आला की दूर जायचा, आणि आवाज त्या लयीत लहानमोठा व्हायचा. यंत्राने तो सपाट करता येतो. मी केला नाही. ते जात्याचं वळण आहे, तसंच राहू दे.

सात-आठ ओव्या झाल्यावर हेडफोन त्यांच्या कानांना लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग जावेकडे वळून म्हणाल्या, “ही तुजी काकणं का गं?” काकणं मला ऐकू आली होती, पण मी त्यांना अडथळा धरून बसले होते, पुढच्या वेळी काढून ठेवायला सांगणार होते. जाऊबाईंनीही ऐकलं. “व्हय, माजीच,” म्हणाल्या आणि मनगटाकडे बघत राहिल्या.

काकणं राहिली. मूठभर दाणे जात्यात पडले, चाळण दोरीवर जराशी हलली, स्थिर झाली. सुपातली नाचणी संपली तेव्हा रेकॉर्डर १ तास ७ मिनिटं दाखवत होता.