कशाचे पेढे?

आमच्या एमबीए विभागात शिपाईमामा खोका घेऊन दारात उभे राहिले, की सगळ्यांचा प्रश्न एकच : ‘कशाचे?’ आत काय आहे हे कुणी विचारत नाही. साताऱ्यातल्या खोक्यात दुसरं काय असणार? कंदी पेढे.

पाहुण्यांसाठी सांगतो, कंदी पेढा रूपानं बेताचाच. खवा तपकिरी होईपर्यंत भाजायचा, साखरेचा हात आखडता ठेवायचा, त्यामुळे तो टिकतोही बरा. केशरी पेढा जिभेवर ठेवला की लगेच गोडवा दाखवून मोकळा होतो. हा तसा नाही, याला जरा चावावं लागतं, मग खमंगपणा येतो. मोती चौकातला चांगला की पोवई नाक्यावरचा, यावर आमच्या स्टाफरूममध्ये जेवढी मतं पडतात तेवढी अर्थसंकल्पावरही पडत नाहीत.

दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात खोक्यांचाही हंगाम असतो. पहिल्या सत्रात खोका क्वचितच. तेव्हा मुलं एकमेकांना नावानंसुद्धा ओळखत नसतात, ‘ए फलटण, नोट्स दे की’, ‘वडूज कुठं गेलं?’ असं चालतं. कुणी बी.कॉम., कुणी इंजिनियर, कुणी शेतकीचा पदवीधर. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला पाहिजे हे इंजिनियरला पटतं, पण तो का जुळतो ते कॉमर्सवाला रात्री होस्टेलवर समजावून सांगतो. दुसऱ्या सत्रानंतर दोन महिन्यांची इंटर्नशिप. कुणी एमआयडीसीत, कुणी पुण्यात. परत आल्यावर एकेकाच्या चालण्यात फरक पडलेला असतो. मग नोकऱ्यांच्या मुलाखती सुरू होतात आणि मामांचे पाय दुखायला लागतात.

मामांचं गणित बघण्यासारखं आहे. अर्ध्या किलोत पंचवीसेक पेढे, माणसं साठ. मामा आधी वर्गात डोकावून डोकी मोजतात, मग पेढ्याचे अर्धे करतात, गर्दी जास्त असेल तर पाव. प्राचार्यांना अख्खा, परीक्षा विभागाला अख्खा (तिथं कामं अडतात), आम्हा प्राध्यापकांना अर्धा. बाहेर गेलेल्यांचा वाटा कागदात गुंडाळून कपाटात. मर्यादित साधनांचं वाटप मी चार तास शिकवतो, मामा ते चार मिनिटांत उरकतात.

परवा विभागाचा अहवाल भरायचं काम माझ्याकडे आलं. त्यात ‘विद्यार्थ्यांची उल्लेखनीय कामगिरी’ असा रकाना. प्रमाणपत्र जोडा, फोटो जोडा, फोटोवर अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीतली मुलगी, वक्तृत्वाचं बक्षीस, कॅम्पसमधून लागलेल्या नोकऱ्या, हे सगळं बसलं. पण मला आठवत होते ते खोके, आणि त्यातले निम्मे रकान्यात शिरायला तयार नव्हते.

उदाहरणार्थ, कोरेगावकडच्या एका मुलानं आणलेला खोका. घरच्या शेतातलं आलं तो दरवर्षी वडिलांबरोबर एकाच व्यापाऱ्याला घालायचा. आमच्याकडे आल्याचा भाव गाडीवर ठरतो, गाडी म्हणजे 500 किलो. यंदा पठ्ठ्यानं दोन व्यापाऱ्यांना एकाच सकाळी शेतावर बोलावलं. दोघं बांधावर समोरासमोर आले आणि भाव वाढला. वाटाघाटींवरचा माझा तास त्यानं शेवटच्या बाकावर झोपून काढला होता, असा माझा समज होता.

दुसरा खोका सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा. आमचं कुणी त्यात जिंकलं नव्हतं, धावलंसुद्धा नव्हतं. यवतेश्वरच्या घाटात पहाटेपासून धुक्यात भिजत मुलांनी पाणी वाटलं होतं. आधी पाण्याची टेबलं वळणावर मांडली, धावणारे एकमेकांवर आदळू लागले, मग एका मुलीनं सगळी टेबलं पन्नास पावलं वर नेली. ‘सर, पाणी पुरलं!’ हेच पेढ्यांचं कारण.

तिसरा खोका तर चौघांनी वर्गणी काढून पाचव्यासाठी आणला होता. त्याला चौथ्या मुलाखतीत नकार आला होता. ‘कशाचे?’ म्हटल्यावर म्हणाले, ‘शेवटच्या फेरीपर्यंत गेला की!’ तो स्वतः ओशाळून दाराआड उभा होता. मामांनी त्याला अख्खा दिला.

अहवाल मागं ठेवून माझं मन भलतीकडेच गेलं. या गावात विक्रीकलेचा खरा गुरू कोण, तर माझ्या मते भाऊराव पाटील. कर्मवीर म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण एके काळी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरत, हे माझ्या वर्गात दोघांनाच ठाऊक असतं. नव्या नांगराला बिचकणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात उभं राहणं हे कुठल्याही मुलाखतीपेक्षा अवघड. पुढं 1919 मध्ये त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवायला घेतलं. ते चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. पुढं मुष्टिफंड निघाला, घराघरातल्या बायका मूठ मूठ धान्य बाजूला काढत. भांडवल उभारणीवर मी जाडजूड पुस्तक लावलंय, त्यात मूठ हे माप नाही. मामांना मात्र ते कळलं असतं, असं वाटतं.

तेवढ्यात दार वाजलं. मामा, हातात खोका.

‘कशाचे हो मामा?’

‘थोरलीनं टॅलीची परीक्षा काढली, सर.’

मामांची थोरली. म्हणजे आमची विद्यार्थिनी नव्हेच. अहवालाच्या दृष्टीनं शून्य. मी हात पुढं केला, तर मामांनी खोका मागं ओढला.

‘थांबा. फोटो नाही काढायचा?’

त्यांच्या मागं फलटण आणि वडूज दोघंही उभे होते, मोबाइल सरसावून. फोटो निघाला. अक्षांश-रेखांश नीट उमटले आहेत. पेढा मात्र मला अर्धाच मिळाला.